आधी आभार

कोणतंही काम निघालं की ते आधी उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकवायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि म्हणायचे, "ते सगळं होईल हो. आधी आभार कोण मानणार ते ठरवा."

वक्ता ठरलेला नसे, तारीख ठरलेली नसे, कधीकधी तर कार्यक्रम नक्की कशाचा हेही ठरलेलं नसे. पण आभार ठरले पाहिजेत. आणि ते ठरायला फारसा वेळ लागत नसे, कारण आभार मानणारा माणूस कायमचा एकच होता. तो म्हणजे ते स्वतः.

डोंबिवली पश्चिमेच्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आणि ते मानद कार्यवाह. कारखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून वाचनालयाच्या डोक्यावर येऊन बसले, असं मी पूर्वी म्हणायचे. समोर आम्ही त्यांना काका म्हणायचो, पाठीमागे 'आभार'. "आज आभार आलेत का?" "आभारांना ताप आहे." त्यांना हे ठाऊक होतं आणि मला वाटतं आवडतही होतं.

तुम्हीही अशी आभारप्रदर्शनं ऐकलेली असणारच. म्हणजे ऐकलेली नसणार. त्या वेळी आपण खुर्चीखाली पायानं चपला शोधत असतो. त्यांना त्याचं काही नसे. "दोनच मिनिटं घेतो," म्हणून सुरुवात करायचे आणि अंगठा पेरापेरांवरून फिरायला लागायचा. अध्यक्ष, वक्ते, मंडपवाले, माइकवाले, चहावाले. एकदा त्यांनी वीज न गेल्याबद्दल वीज कंपनीचे आभार मानले आणि त्याच क्षणी वीज गेली. अंधारात ते म्हणाले, "तरीही," आणि पुढच्या पेरावर गेले.

ते राहायचे खाडीच्या बाजूला, जिथे उंच इमारती संपतात आणि बैठी घरं सुरू होतात. तिथल्या एका खोलीत त्यांनी आमच्या वाचनालयाची शाखा काढली होती. एक कपाट, काही बाकं, एक पंखा. सुरुवातीला मुलं गोष्टींची पुस्तकं न्यायला येत. मग तीच मुलं मोठी होऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला बसायला लागली. आणि मग हळूहळू येईनाशी झाली. अर्ज ऑनलाइन, सराव परीक्षा ऑनलाइन, निकाल ऑनलाइन, आणि खोलीत मोबाइलला धड रेंज नाही. इंटरनेट कंपन्यांना विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, तिकडे तार टाकणं परवडत नाही.

आमच्या अध्यक्षांनी मग सभेत सांगून टाकलं, "वार्षिक सभेपर्यंत इंटरनेट आलं तर ठीक. नाही तर शाखा बंद करू. रिकाम्या बाकांना पंखा कशाला?"  काकांचा अंगठा एकाच पेरावर बराच वेळ टेकून राहिला. त्या खोलीत त्यांचा जीव होता, हे सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्षांनाही.

अशा वेळी मुक्ता आली. ठाण्याच्या वर्तकनगरची, शिक्षणानं इंजिनिअर, स्कूटरवरून हिंडणारी. लोकांनी मिळून आपापल्या वस्तीत इंटरनेटचं जाळं उभं करायचं, ते कसं उभारायचं आणि कसं राखायचं, हे ती आणि तिची मित्रमंडळी सार्वजनिक वाचनालयांतून शिकवत. तीन रविवार, तीन कार्यशाळा. वाचनालयाच्या जोडणीवरून एका गच्चीवर एक यंत्र, तिथून दुसऱ्या गच्चीवर दुसरं, असं करत थेट शाखेपर्यंत. यंत्राला तिनं बरीच इंग्रजी नावं सांगितली. आमच्या समितीनं त्याला 'डबी' म्हणायचं ठरवलं.

"फक्त एका डबीला दुसरी डबी दिसली पाहिजे," मुक्ता म्हणाली. "मध्ये भिंत नको, बिल्डिंग नको. क्लिअर."

"म्हणजे मुलगी बघण्याच्या कार्यक्रमासारखं," काका म्हणाले. "पडद्याआडून जमत नाही."

नियोजनाच्या बैठका सुरू झाल्या. पहिली बैठक 'कार्यशाळा' म्हणायचं की 'शिबिर' यावर गेली. खजिनदार शिबिराच्या बाजूचे होते. त्यांचं म्हणणं, कार्यशाळेत स्वतः काम करावं लागतं, शिबिरात नुसतं बसलं तरी चालतं. दुसऱ्या बैठकीत वडा की कचोरी. तिसऱ्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "आपल्या डबीतून शेजारच्याचं इंटरनेट आपल्याकडे आलं तर ती चोरी ना?" मुक्तानं समजावलं. ते म्हणाले, "नाही, म्हणजे आलं तर बरंच, म्हणून विचारलं."

मुक्ता बिचारी दर वेळी लॅपटॉप उघडायची आणि दर वेळी त्याच्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवायचा. शेवटी ती काकुळतीला आली. "काका, सीरियसली, आधी गच्च्या फायनल करूया ना. एकाही सोसायटीची परमिशन नाहीये आपल्याकडे."

काकांनी अंगठा करंगळीवर टेकवला. "ते होईल हो. आधी आभार."

मला वाटलं, आता ही पोरगी वर्तकनगरला गेली ती परत यायची नाही. पण आभार म्हणजे काय चीज आहे, हे मलाही तोवर कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका मला बरोबर घेऊन पहिल्या सोसायटीत गेले. सेक्रेटरी हिशेब बघत बसले होते. काकांनी हात जोडले. "गच्ची दिलीत. वाचनालय आपलं आभारी आहे."

"गच्ची? आम्ही कधी दिली?"

"देणार आहात."

"अहो, मग दिल्यावर माना की आभार!"

"दिल्यावर सगळेच मानतात," काका म्हणाले आणि उठलेच.

परत येऊन त्यांनी वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'गच्ची उपलब्ध करून देणाऱ्या सर्व सोसायट्यांचे मनःपूर्वक आभार', आणि खाली ओळीनं नावं. एकाही सोसायटीनं होकार दिलेला नव्हता. मी म्हटलं, काका, हे खोटं आहे. ते म्हणाले, "आज आहे. उद्याचं उद्या बघू."

दोन दिवसांत सेक्रेटरी लोक फळ्यापाशी यायला लागले. भांडायला आले असतील म्हणून मी चष्मा सरसावून बसले. पहिले गृहस्थ म्हणाले, "आमच्या नावातली 'नी' दीर्घ आहे, तुम्ही ऱ्हस्व लिहिलीय." दुसऱ्यांना आपल्या नावामागे 'ॲड.' हवं होतं. काका तत्परतेनं खडू घेऊन सगळं दुरुस्त करायचे. नावातलं ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला आलेला माणूस मग गच्ची नाकारू शकत नाही. मला हसू येत होतं आणि मनातून मी त्यांच्यापुढे हात टेकले होते. एकेक गच्ची मिळत गेली.

एक सोडून. ती 'सौजन्य' सोसायटीची.

सौजन्य ही आमच्या आणि खाडीच्या मधली सगळ्यात उंच इमारत. मुक्तानं नकाशा मांडून दाखवलं, कुठूनही फिरून गेलं तरी सौजन्य आड येत होती. तिच्या डोक्यावर डबी बसली तर शाखेत इंटरनेट, नाही तर बाकीच्या गच्च्या मिळून न मिळून सारख्याच. आणि सौजन्यचे चेअरमन होते सामंत.

फळ्यावर त्यांच्या इमारतीचंही नाव होतं. सामंतांनी वॉचमनला पाठवून ते पुसून घेतलं. आम्ही घरी गेलो तेव्हा दाराची साखळी न काढता ते म्हणाले, "गच्चीचं नुकतंच वॉटरप्रूफिंग झालंय." डोंबिवलीत ज्याला गच्ची द्यायची नसते त्याचं वॉटरप्रूफिंग नेहमी नुकतंच झालेलं असतं. काका म्हणाले, "मी आभार मानायला आलो होतो." साखळीमागून आवाज आला, "तुमचे आभार आम्हाला ठाऊक आहेत." आणि दार बंद झालं.

जिना उतरताना काकांनी मला समईची गोष्ट सांगितली, मी वाचनालयात येण्याआधीची.

बऱ्याच वर्षांपूर्वी वाचनालयाचा वर्धापनदिन होता. दीपप्रज्वलनासाठी समई हवी होती, ती सामंतवहिनींनी दिली. त्यांच्या माहेरची, मालवणहून आणलेली, चांगली कमरेएवढी. वहिनींनी ती चिंच लावून घासली आणि सामंतांनी गोधडीत गुंडाळून रिक्षातून आणली. कार्यक्रम छान झाला. काका आभाराला उभे राहिले, त्यांनी झाडून सगळ्यांचे आभार मानले, झाडणाऱ्याचेही मानले, आणि समई राहिली. सामंत पहिल्या रांगेतून उठले, व्यासपीठावर चढले आणि जळती समई उचलून सभागृहाबाहेर चालते झाले. वाती पेटलेल्या, मागे वहिनी. रस्त्यावरची माणसं कोणत्या देवाची समई चाललीय म्हणून थांबून हात जोडत होती.

"तोपर्यंत मी आभार शेवटी ठरवत असे, चारचौघांसारखे," काका म्हणाले. "त्यानंतर नाही."

"माफी मागितली नाहीत?"

"मागितली ना. म्हटलं, चुकून राहिलं. तर म्हणतात, चुकून राहिलं म्हणजे लक्षात नव्हतं, हेच ना? आता यावर काय बोलायचं?"

पहिल्या कार्यशाळेचा रविवार उजाडला. सभागृह भरलं होतं, कारण वडे होणार हे बाहेर फुटलं होतं. तिसऱ्या रांगेत कडेला सामंतवहिनी बसल्या होत्या, एकट्याच. मुक्ताचा पत्ता नव्हता. तिचा फोन आला, "मी शीळफाट्याला अडकलेय! एक ट्रेलर आडवा झालाय, स्कूटरसुद्धा हलत नाहीये." शीळफाट्याची कोंडी म्हटल्यावर अध्यक्षांनी आशाच सोडली. ते कार्यक्रम रद्द झाल्याचं सांगायला उठणार, तेवढ्यात काकांनी माइक ओढून घेतला.

"वक्त्या येईपर्यंत," ते म्हणाले, "मी आज आभार आधीच मानून घेतो."

अंगठा करंगळीवर गेला. गच्च्या झाल्या, डब्या झाल्या, वडे तळणारे झाले, ट्रेलरच्या ड्रायव्हरला इजा झाली नसेल तर त्याबद्दल देवाचे झाले. मग अंगठा एका पेरावर थांबला आणि आवाज एकदम उतरला.

"एका घराचे आभार माझ्याकडून राहिलेत. ह्याच सभागृहात एकदा एक समई आली होती. ज्या घरातून आली, तिथल्या वहिनींनी ती स्वतःच्या हातानं घासली होती. त्या समईच्या उजेडात मी गावभर सगळ्यांचे आभार मानले आणि तिचेच मानायचे राहिले. चुकून नाही. माझं लक्ष माझ्या भाषणाकडे होतं. वहिनी, मी आपला आभारी आहे."

 मी चष्मा काढून पुसला. आणि मग जे व्हायचं तेच झालं. आभार झाले म्हणजे कार्यक्रम संपला, हे आपल्या लोकांच्या हाडात भिनलेलं आहे. खुर्च्या सरकल्या, चपला सापडल्या आणि अख्खी सभा उठून अंगणात वड्यांकडे गेली. काका माइकवरून ओरडत होते, "अहो, संपलं नाही! हे आधीचे आभार आहेत!" कोण ऐकतं?

हेल्मेट घातलेली मुक्ता धापा टाकत आली ती रिकाम्या सभागृहात. "मी आत्ता आलेय आणि प्रोग्राम संपला पण?"

"संपला नाही गं, फक्त आभार झालेत."

"काका, आभार झाले म्हणजे संपलंच ना!" बोलून तीच हसायला लागली. मग तिनं डब्यांची पिशवी उचलली, अंगणात गेली आणि वड्यांच्या टेबलावर डब्या मांडल्या. सांगते तुम्हाला, सभागृहात झाली असती तर ती कार्यशाळा अर्धी पेंगली असती. तिथे एका हातात वडा आणि दुसऱ्या हातात डबी घेऊन लोक जिन्यावर चढत होते, कंपाउंडवर उभे राहत होते, "दिसली, दिसली" म्हणून ओरडत होते. शिबिरवाले खजिनदार तर पाण्याच्या टाकीवर चढले.

सामंतवहिनींनी एक डबी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. "एवढीच?" त्या म्हणाल्या. "समईपेक्षा लहानच की. हिला कुठे एवढी जागा लागते?" त्यांनी डबी खाली ठेवली आणि पदराला हात पुसून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडल्या उघडल्या सामंत आले. माझ्या टेबलावर त्यांनी एक किल्ली ठेवली. काका वर्तमानपत्रं लावत होते, ते तसेच उभे राहिले.

"गच्ची घ्या," सामंत म्हणाले. "पण माझी एक अट आहे. आभारात माझं नाव येता कामा नये. सौजन्यचं नाही, हिचं तर नाहीच. फळ्यावर नाही, माइकवर नाही, कुठ्ठेच नाही."

काकांचा चेहरा पडला. "अहो सामंत, असं कसं? सगळ्यात मोठी मदत तुमची..."

"असंच. एक आभार राहून गेला की घरात कसं वाटतं ते इतकी वर्षं आम्ही बघितलं. आता जरा तुम्ही बघा."

एवढं बोलून गृहस्थ निघाले. मला वाटतं, दाराशी ते हसले. पाठ होती त्यांची, खात्रीनं सांगता येणार नाही.

पुढचे दोन्ही रविवार मुक्तानं अंगणातच घेतले. सोसायट्यांतली मंडळी डब्या बसवायला शिकली, आणि सौजन्यच्या डोक्यावरून इंटरनेट उडी मारून शाखेत पोचलं. अर्ज भरायला स्टेशनपर्यंत जाणाऱ्या मुली बाकांवर परत आल्या. वार्षिक सभेत अध्यक्षांनी शाखा चालू ठेवण्याचा ठराव स्वतःच मांडला, जणू बंद करायचं दुसऱ्याच कोणी म्हटलं होतं. काकांनी त्यांच्या दूरदृष्टीबद्दल भरभरून आभार मानले. मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला, तरी थांबले नाहीत.

पण शाखेतल्या उद्घाटनाच्या वेळची गंमत सांगायची राहिली. काका आभाराला उभे राहिले, एकेक गच्ची घेत गेले आणि एका पेरावर अंगठा अडकला. तोंड उघडलं, मिटलं, कपाळाला घाम आला. मागच्या बाकावर सामंत हाताची घडी घालून बघत होते. शेवटी काका पुढच्या पेरावर गेले. खोलीतल्या एकूण एक माणसाला कळलं, राहिलेलं नाव कोणाचं ते. त्यांनी घेतलेल्या नावांपैकी मला आज एकही आठवत नाही, न घेतलेलं मात्र आठवतं.

पुढे वारा सुटला की सौजन्यवरची डबी तिरकी व्हायची. मग सामंत स्वतः गच्चीवर जायचे आणि काका खाली रस्त्यात उभं राहून सूचना करायचे. डबी जागेवर आली की काकांच्या तोंडून जायचं, "आभा..." वरून सामंत वाकून बघायचे. की काका घाईघाईनं म्हणायचे, "आभाळ आलंय, खाली या." भर वैशाखात, स्वच्छ उन्हात. कामाशिवाय हे दोघे एकमेकांशी बोलत नसत. पण डबी फारच वरचेवर तिरकी व्हायला लागली. मुक्ता म्हणाली, "एवढा नट टाइट केलाय, हलतेच कशी?" मी म्हटलं, तू त्यात पडू नकोस.

मग एका उन्हाळ्यात काका गेले. दुपारी, शाखेतल्या बाकावर बसल्या बसल्या. मुलींना वाटलं, डुलकी लागली.

शोकसभा ठरवायला समिती बसली. सवयीनं मीच म्हणाले, "आधी आभार कोण मानणार ते ठरवा." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. शोकसभेत आभार नसतात. आमच्या वाचनालयाच्या इतिहासातला आभाराविना एकच कार्यक्रम व्हायचा होता आणि तो त्यांचा होता. मला तिथेच रडू फुटलं.

सभेच्या दिवशी मी सभागृह उघडायला गेले तर पायरीवर सामंत आणि वहिनी बसलेले. मध्ये गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी ती समई फोटोशेजारी ठेवली. वहिनींनी वाती लावल्या. लोक आले, बोलले, उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली. मग मात्र कोणालाच कळेना, आता काय करायचं. आभार झाल्याशिवाय उठायचं कसं? सगळे नुसते उभे राहिले. चपलांचा आवाजसुद्धा नाही. शेवटी वहिनींनी वातीवरची काजळी झटकली आणि त्या दाराकडे वळल्या, तेव्हा कुठे माणसं हलली.

सभागृह रिकामं झालं तरी समई जळतच होती. सामंत पायऱ्या उतरले होते. मी मागून हाक मारली, "सामंतसाहेब, समई राहिली."

ते वळले नाहीत. "असू दे तिथेच," म्हणाले. "आणि आभारबिभार मानू नका."

मी मानले नाहीत. समई अजून आमच्याकडेच आहे. दर वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी वहिनी चिंच घेऊन येतात.